मेणाखालचं पांढरं

सोनकांबळे सर गेल्याची बातमी मला ज्या रीतीने कळली, तिची शिसारी अजून गेलेली नाही. आमच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. दिवसभर गुलाबाची फुलं, सुविचार आणि प्लॉट विकण्याच्या जाहिराती, याखेरीज त्यात काही नसतं. त्या सकाळी कुणीतरी सरांचा फोटो टाकला. नुसता फोटो, खाली एक अक्षर नाही. लागोपाठ तिघांनी ‘अभिनंदन सर’ लिहिलं, एकाने पेढ्याचं चित्र टाकलं. मलाही क्षणभर बरं वाटलं... म्हटलं, चला, एकदाची कुणाला तरी या माणसाच्या चित्रांची किंमत कळली. मग फोटो टाकणाऱ्याने चहापाणी उरकून सावकाश लिहिलं, ‘सर काल दुपारी गेले. हार्ट.’ ज्यांनी अभिनंदन केलं होतं त्यांनीच मग हात जोडले. पण आधीचं अभिनंदन पुसून टाकायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. ते अजून तिथंच आहे. मधे दोन ओळी सोडून एका प्लॉटची जाहिरात, पूर्वमुखी, रोड टच.

मी अहमदपूरहून मिळेल ती एसटी धरून नांदेडला गेले. विष्णुपुरीच्या रस्त्याला सरांचं दोन खोल्यांचं घर. निवृत्तीनंतर ते आणि सुमनवहिनी तिथं राहायला गेले होते. पुढच्या खोलीत खिडकीखाली एक टेबल, त्यावर रंगांचा पत्र्याचा डबा, पाण्याची बरणी आणि मेणबत्तीचे तुकडे. बरणीतलं पाणी निळसर होतं. म्हणजे आदल्या दिवशी सकाळी माणूस काम करून उठला होता. वहिनी मला बघून म्हणाल्या, “बाई, त्यांनी जेवण केलं, पाणी मागितलं, अन् मी पाणी घेऊन येस्तोवर...” त्या दिवशी त्या घरात नाटक न करणारी तेवढी एकच बाई होती.

आम्ही दोघं एकाच शाळेत. मी जीवशास्त्र शिकवायची, ते चित्रकला. चित्रकला शिकवायचे असं म्हणायचं, एवढंच. लातूर जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेत चित्रकलेच्या तासाचं जे होतं तेच आमच्याकडे झालं. दहावी आली की तो तास गणिताने खायचा, नववी आली की विज्ञानाने. मी पण खाल्लेत त्यातले काही तास, सरांच्या समोर मागून. ते हसून म्हणायचे, “घ्या बाई, बेडूक तरी नीट काढायला लावा पोरांला.” चित्रकलेच्या शिक्षकाकडून शाळेला हवं काय असायचं, तर स्वागताचा फळा, पाहुण्यांच्या नावातली अक्षरं फुलासारखी आणि गॅदरिंगला पडदा. आयुष्यभर त्यांनी आमदारांची नावं रंगीत खडूने लिहिली. त्याबद्दल ते कधी कुरकुरले नाहीत. कुरकुर मी करायची, स्टाफरूममध्ये, मोठ्याने.

रविवार मात्र त्यांचा स्वतःचा. खांद्याला झोळी, हातात पाटीला चिमट्याने लावलेला जाड कागद, आणि एसटी. उदगीरचा किल्ला, कंधारचा खंदक, माहूरच्या पायऱ्या, लातूरच्या गोलाईतल्या कमानी. घरी बसून, फोटो बघून त्यांनी एक चित्र काढलं नाही. जी वस्तू समोर नाही तिचा रंग भरायचा नाही, हा त्यांचा नेम. अर्धवट राहिलेलं चित्र असेल तर पुढच्या रविवारी पुन्हा तीच एसटी. आणि आमच्याकडची माणसं! रस्त्याकडेला कुणी पाटी घेऊन बसलेला दिसला की आपल्या लोकांच्या डोक्यात एकच गोष्ट येते, मोजणी. रस्ता रुंद होणार, नाहीतर कुणाची तरी जमीन जाणार. कंधारला एक जण त्यांच्या मागे उभा राहून बराच वेळ बघत होता म्हणे. शेवटी न राहवून त्याने विचारलं, “साहेब, आमच्या घराचा किती फूट जाऊन राहिला?” सरांनी त्याला चित्र दाखवलं. त्याने ते नीट बघितलं आणि म्हणाला, “हाव, ते हाय. पन किती फूट?”

त्यांची काम करायची एक तऱ्हा होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. ते पांढरा रंग वापरत नसत. डब्यात पांढऱ्या रंगाची ट्यूबच नव्हती. चित्रात जे जे पांढरं राहायला हवं, म्हणजे चुन्याची भिंत, खिडकीची चौकट, दोरीवरचं धोतर, तिथं तिथं ते आधी कोऱ्या कागदावर मेणबत्तीचा तुकडा घासून घ्यायचे. मेण कागदावर दिसत नाही. मग वरून पाण्याचा रंग फिरवला की मेणावर तो ठरत नाही, घसरून बाजूला होतो, आणि खालचा कागद पांढराचा पांढरा वर येतो. “पांढरं डब्यात नसतंय बाई,” ते म्हणायचे, “कागदातच असतंय. आपण नुस्तं राखायचं.” पोरांना हे फार आवडायचं. जादू म्हणून. वर्गातल्या ज्या पोरांना एरवी बाकावरून उठायचा कंटाळा ती घरून मेणबत्त्या घेऊन यायची.

सरांची एकुलती एक लेक प्रज्ञा. तिने लातूरला दोन वर्षं क्लास लावले, खोली करून राहिली, आणि थोडक्यात तिची सरकारी मेडिकलची जागा हुकली. तिच्या वर्गातल्या कितीतरी मुलामुलींसारखी मग ती जॉर्जियाला, तिबिलिसी शहरात डॉक्टरकी शिकायला गेली. आमच्याकडे आता हे नवीन राहिलेलं नाही. निलंग्याच्या बाजारात सुद्धा तिबिलिसीचं हवामान सांगणारे बाप भेटतात. सर निवृत्त झाल्यावर लेकीला भेटायला म्हणून गेले आणि दोन-अडीच महिने राहिले. दुसरा कुणी असता तर काचेचा पूल, उंच हॉटेलं, रोपवे, सगळीकडे दोन बोटं वर करून फोटो काढून आला असता. हा माणूस रोज सकाळी शहराच्या जुन्या भागात जाऊन दगडी फरशीवर बसला. तिथल्या घरांना लाकडाचे कोरीव सज्जे आहेत, जुने, एका अंगाला कललेले. टेकडीच्या पायथ्याला गरम पाण्याची न्हाणीघरं, त्यांचे विटांचे घुमट जमिनीतून अर्धे वर आलेले, आणि सगळीकडे गंधकाचा वास. “लई घाण वास, बाई,” परत आल्यावर ते मला सांगत होते, “पन दोन दिवसांत त्याची बी सवय झाली. घुमटाची वीट बघितली अन् मला उदगीरच आठवलं.”

सगळ्यात जास्त हसून त्यांनी सांगितलेली गोष्ट तिथल्या एका म्हातारीची. एका गल्लीत तिच्या सज्ज्यासमोर ते तीन दिवस बसले होते. सज्ज्याच्या दोरीवर तिचं धुणं, फाटके टॉवेल, विटलेले झगे. तिसऱ्या दिवशी ती तरातरा खाली आली आणि त्यांच्यावर ओरडायला लागली. सरांना अक्षर कळेना. प्रज्ञा कॉलेज सुटल्यावर डबा घेऊन आली, तिला तिथली भाषा मोडकीतोडकी येते, तिने कसंबसं समजून घेतलं. तर काय, शेजारची घरं पाडून तिथं हॉटेल व्हायचं होतं, आणि म्हातारीला वाटलं हा हॉटेलवाल्याचा माणूस, मापं घ्यायला बसलाय. सर मला सांगताना डोळे पुसत हसत होते. “म्हंजी तिथं बी मोजणीच! मी म्हनलं, चला, आपलीच मानसं हायेत.” प्रज्ञाने तिला चित्र दाखवलं. म्हातारीने ते बघितलं, स्वतःचे फाटके टॉवेल बघितले, आणि लाजून वर पळाली. धुणं काढलं. पेटीतली धुवट पांढरी चादर आणून दोरीवर पसरली आणि खुणेने म्हणाली, आता काढ. सरांनी नवा कागद लावला. चादर, चौकटी, सज्ज्याच्या कोरीव पट्ट्या, सगळं पांढरं मेणाने राखून घेतलं. रंग सुरू करणार तोच पाऊस आला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं विमान.

तो कागद त्यांनी तसाच आणला. रंग लावा की, मी कितीदा म्हटलं. ते मान हलवायचे. “न्हाई बाई. प्रज्ञाचं शिक्षन सरलं की पदवी घ्यायला जायचंय, तवा तिथंच बसून भरीन. म्हातारीला शब्द दिलाय.” कसला शब्द! भाषा न कळणाऱ्या बाईला खुणेने दिलेला. पण आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनी भर सभेत माइकवर दिलेल्या शब्दांपेक्षा तो मला जास्त खरा वाटायचा, आणि आता तर तसा तो ठरलाच आहे.

या अध्यक्षांचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं तर त्याचाही फ्लेक्स करून चौकात लावतील. सर परदेशी जाऊन आले हे कळल्यावर त्यांनी सरांना चित्रं घेऊन बोलावलं. शाळेच्या नव्या इमारतीच्या दर्शनी भागात ‘आंतरराष्ट्रीय’ काहीतरी लावायचं त्यांच्या मनात होतं. मी सोबत होते. त्यांनी एकेक चित्र उचलून बघितलं, बोटांना लागलेलं शेव-चिवड्याचं तेल तसंच. “सर, हे फॉरेन वाटंना ओ,” ते म्हणाले. “मोडकी घरं अन् धुणं तर आपल्याकडं बी हाय. ही दोरी-बिरी काढून टाका, मागं दोन उंच बिल्डिंगा घाला.” सर शांतपणे म्हणाले, “धुणं काढलं तर घर कुणाचं ते कसं कळंल, साहेब?” अध्यक्ष हसले, भोवतीचे चार जणही हसले, का हसले ते त्यांनाही ठाऊक नसावं. मग सरांनी स्वतःची मागणी सांगितली. आयुष्यात त्यांनी संस्थेकडे मागितलेली ती एकच गोष्ट. तिबिलिसीची चित्रं आणि उदगीर-कंधारची चित्रं शेजारी शेजारी, चित्रकलेच्या हॉलमध्ये, एक दिवस लावायची. हार नको, भाषण नको, पाहुणा नको. पोरांनी खाली बसून बघायची. पोरांना एवढं दिसलं पाहिजे की त्या घुमटाची वीट आणि आपल्या बुरुजाची वीट, दोन्हींपुढे बसावं असं आहे. अध्यक्ष म्हणाले, “करू की. पुढच्या गॅदरिंगला.” पुढच्या गॅदरिंगला हॉलमध्ये वैद्यकीय प्रवेशाची फाउंडेशन बॅच बसवली होती, त्याच्या पुढच्या वर्षी तिथं एसी आला. सर दर वर्षी जाऊन आठवण करून द्यायचे. दर वर्षी चहा पाजून त्यांची बोळवण व्हायची. मला त्यांचाही राग यायचा. म्हणायची, कशाला जाता या माणसांच्या दारात? ते म्हणायचे, “पोरं त्यांच्या दारात हायेत ना, बाई.”

सर गेल्यावर चार दिवसांनी अध्यक्ष नांदेडला घरी आले. तीन गाड्या घेऊन. वहिनींसमोर डोळ्याला रुमाल लावला आणि म्हणाले, सरांची इच्छा आम्ही पूर्ण करणार, प्रदर्शन करणार, कायमचं दालन करणार. त्या बाईने काय करावं? नवऱ्याने इतकी वर्षं ज्या गोष्टीची वाट बघितली ती दारात चालून आली होती. तिने कपाटातून चित्रांची मोठी पिशवी काढून दिली. सोबतच्या कारकुनाने तिथंच एकेक कागद मोजून घेतला. एक कागद त्याने उलटसुलट करून बघितला आणि टेबलावर परत ठेवला. “हा कोरा हाय,” तो म्हणाला.

प्रदर्शन झालं. मी जायला नको होतं... पण गेले. शाळेच्या फाटकावर फ्लेक्स, त्यात अध्यक्षांचा चेहरा टोपल्याएवढा, त्यांच्या चिरंजीवांचा त्याहून थोडा लहान, आणि खाली कोपऱ्यात सर, ओळखपत्रावरच्या फोटोतले. नावाच्या आधी ‘कैलासवासी’. ज्या घरात जन्मभर बुद्धवंदना झाली, ज्यांच्याकडे माणूस गेला की ‘कालकथित’ लिहितात, त्या माणसाला या लोकांनी न विचारता कैलासावर पाठवून दिलं. इतकी वर्षं एका स्टाफरूममध्ये बसलेल्यांना एवढंही ठाऊक नव्हतं, की ठाऊक करून घ्यायचं नव्हतं? मला तिथूनच परतावंसं वाटलं. प्रज्ञा तिबिलिसीहून आली होती. तिने तो शब्द वाचला आणि माझा हात धरून म्हणाली, “चला मावशी, आत पप्पांची चित्रं हायेत.”

आत चित्रं नव्हती. आत होतं ते बघून मला बाहेर जाऊन चूळ भरावी लागली, हे मी शोभेसाठी लिहीत नाही. चित्रं ‘टिकावीत’ म्हणून संस्थेने ती सगळीच्या सगळी लॅमिनेट करून आणली होती. आपल्याकडे ते एक वेडच आहे. सातबारापासून मुलीच्या बायोडाट्यापर्यंत, महत्त्वाचं काहीही हातात आलं की माणूस आधी लॅमिनेशनच्या दुकानात पळतो. गरम रुळांमधून प्लास्टिकच्या पोटात घालून ती चित्रं काढली होती. आणि मेण! रुळांच्या उष्णतेने कागदावरचं मेण सगळं वितळलं होतं. जिथं जिथं सरांनी पांढरं राखलं होतं तिथं तिथं ते कागदात मुरून भजी ठेवलेल्या वर्तमानपत्रावर पडतात तसे तेलकट डाग पडले होते. तिबिलिसीच्या खिडक्या तेलकट, घुमटांवरचं ऊन तेलकट, उदगीरच्या बुरुजावरचा चुना तेलकट. म्हातारीचे फाटके टॉवेल, ज्यांच्यासाठी सर अध्यक्षांपुढे उभे राहून बोलले होते, त्यांचं नुसतं पिवळट थारोळं झालं होतं. वरून प्लास्टिकची चमक, आणि त्या चमकीत एसी हॉलच्या ट्यूबलाइटा.

आणि लोक काय म्हणत होते? “काय फिनिशिंग आलंय!” असं म्हणत होते. आमच्याच एका माजी मुख्याध्यापकांनी डागावर बोट ठेवून शेजारच्याला सांगितलं, “हे बघा, ऑइल पेंटिंग.” प्रत्येक चित्राच्या खालच्या कोपऱ्यात ‘सौजन्य’ म्हणून अध्यक्षांचा छोटा फोटो प्लास्टिकच्या आत चिकटवला होता, म्हणजे तो आता काढायचीही सोय नाही. मी कारकुनाला गाठून विचारलं, कुणाला विचारून केलंत हे? तो गोंधळून म्हणाला, “मॅडम, चांगलंच केलं ना? आता पानी पडलं तरी काई होत न्हाई.” त्याच्यावर काय ओरडायचं... मी अध्यक्षांकडे गेले. म्हटलं, तुम्ही सरांची चित्रं मारलीत. त्यांनी शांतपणे माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “बाई, तुमचा बीपी वाढंल. समोसा घ्या.” मग भाषणं झाली. पोरांना सतरंज्यांवर बसवलं होतं खरं, पण तोंड स्टेजकडे आणि पाठ चित्रांकडे. सुमनवहिनींच्या हातात नारळ आणि शाल दिली. त्या चित्रांकडे बघत नव्हत्या. प्रज्ञा मात्र एकेका चित्रापुढे उभी राहत पुढे जात होती, आजारी माणसांच्या वॉर्डात फिरावं तशी.

नांदेडला घरी पोचल्यावर वहिनींनी शाल आणि नारळ दाराशीच ठेवले, आत नेले नाहीत. मग प्रज्ञाने टेबलावरचा तो ‘कोरा’ कागद उचलला, खिडकीपाशी नेला आणि उजेडात तिरपा धरला. मेण रंगाशिवाय दिसत नाही, पण तिरप्या उजेडात किंचित चकाकतं. आधी मला काही कळेना. मग सज्ज्याची एक पट्टी दिसली, मग चौकटी, मग दोरी, आणि दोरीवर ऐसपैस पसरलेली म्हातारीची चादर. सगळं जागच्या जागी होतं. एकाही माणसाच्या नजरेला ते दिसलं नव्हतं म्हणूनच होतं. वहिनी जवळ आल्या, बघितलं आणि पहिल्यांदा मोकळ्या रडल्या. रंग लावून बघावा का, असं मी विचारलं. बरणीत पाणी होतं, डबा उघडा होता. प्रज्ञा म्हणाली, “न्हाई मावशी. पप्पा तिथंच भरनार होते. माझी शेवटची परीक्षा झाली की तुम्ही अन् आई या. म्हातारीच्या दारात घेऊन जाऊ.” म्हातारी अजून आहे का, घर अजून उभं आहे का, हे तिलाही माहीत नव्हतं. सध्या ती इथंच आहे, कॉलेजची सुट्टी संपायची वाट बघतेय, म्हणजे परत गेल्यावर गल्लीत जाऊन बघता येईल.

कागद मात्र आता माझ्याकडे आहे. नांदेडचं घर पत्र्याचं, उन्हाळ्यात आत भट्टी होते, म्हणून वहिनींनी माझ्याकडे दिला. माझ्या घरातली सगळ्यात गार जागा म्हणजे माठाच्या तिवईमागची भिंत. तिथं एका जाड पुठ्ठ्यात घालून मी तो ठेवलाय. सकाळी माठ भरताना पुठ्ठ्याला हात लावून बघायची सवय लागली आहे. गार लागला की बरं वाटतं.

गेल्या आठवड्यात संस्थेतून त्याच कारकुनाचा फोन आला. म्हणाला, “मॅडम, साहेब म्हनले, सरांचं दालन मोठं करायचंय. तुमच्याकडं सरांचं काई उरलं असंल तर पाठवून द्या, आपन व्यवस्थित करून लावू.” व्यवस्थित करून! तोंडावर आलेलं सगळं मी गिळलं आणि त्याला सांगितलं, “काही नाही बाबा. एक कोरा कागद आहे तेवढा.”

“कोरा काय करायचा,” तो म्हणाला. “ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच.”